लाकडी पॅलेटवरचा शिक्का आणि पाइनचा कृमी

किनाऱ्यावरच्या शॅकमध्ये हल्ली जुन्या पॅलेटच्या, म्हणजे माल रचून पाठवायच्या लाकडी चौकटींच्या, फळ्यांची बाकडी दिसतात. बसण्याआधी कडेला नजर टाका. गव्हाच्या ओंबीचं चित्र आणि ‘एचटी’ (हीट ट्रीटमेंट) ही अक्षरं दिसली, तर ते लाकूड गाभ्यापर्यंत ५६ अंश सेल्सिअसला निदान ३० मिनिटं तापवलेलं आहे. परदेशी जाणाऱ्या मालाच्या अशा लाकडावर प्रक्रिया करण्याचा नियम ज्या किडींच्या धास्तीनं आला, त्यांत एक आहे जेमतेम मिलिमीटरभर लांबीचा सूत्रकृमी.

त्याचं मूळ घर उत्तर अमेरिका. तिथले पाइन त्याला बहुतेक पचवतात. जपानचे मात्र विसाव्या शतकाच्या सुरुवातीपासून उभेच्या उभे सुकत होते आणि आळ भुंग्यांवर येत होता. १९७१ मध्ये कियोहारा आणि तोकुशिगे या जपानी संशोधकांनी निरोगी झाडांत हे कृमी सोडून पाहिले. झाडं वाळली.

भुंगा अगदीच निर्दोष नव्हता. लांब मिशांची मादी मरणपंथाला लागलेल्या पाइनच्या सालीत अंडी घालते. अळी लाकूड पोखरत आत जाते आणि तिथेच कोष करते. त्या कोषाभोवती कृमी गोळा होतात. या अवस्थेत ते खात नाहीत, कोरडेपणाही सोसतात. कोषातला भुंगा तयार झाला की ते त्याच्या श्वासनलिकांत शिरतात, एकेका भुंग्यात कधी लाखाच्या वर! बाहेर पडलेला भुंगा निरोगी पाइनच्या कोवळ्या डहाळ्या कुरतडतो आणि त्या जखमांतून कृमी आत उतरतात. राळेच्या नलिकांभोवतीच्या पेशी ते फस्त करतात. उबदार हवेत चार-पाच दिवसांत नवी पिढी तयार होते. झाडाचं पाणी वर चढेनासं होतं आणि काही आठवड्यांत पानं तांबूस पडतात. आता हे मरतं झाड भुंग्याच्या मादीला अंडी घालायला हवं तसंच असतं. दोघांचं असं जमलेलं पाहिलं की मी थक्क होतो.

गोव्यात पाइनची रानं नाहीत. मिरामारचे सुरू दिसायला तसे असले तरी पाइन नव्हेत. पण माड पोखरणारा सोंड्या भुंगा इथल्या प्रत्येक पाडेल्याला, म्हणजे नारळ पाडणाऱ्याला, ठाऊक आहे. कॅरिबियन बेटांत आणि लॅटिन अमेरिकेत या सोंड्याचाच एक भाऊबंद पाइनच्या कृमीच्या कुळातला दुसरा कृमी माडांत पोचवतो. खोड आडवं कापलं की आत लाल कडं दिसतं. असा माड काही महिन्यांत जातो. भारतात हा रोग नाही. म्हणून त्या बाजूनं घरी येणाऱ्या गोवेकरांना कळकळीनं सांगतो, हौसेखातर माडाचं किंवा ताडाचं रोप सामानात घालून आणू नका.