पार्श्वभूमी : ‘पूर्वाश्रमीच्या’ नावाची

लग्नानंतर मुलीचे पाळण्यातले नावही बदलण्याची प्रथा महाराष्ट्रातील अनेक घरांत चालत आली आहे. ताटात तांदूळ पसरून नवरा अंगठीच्या टोकाने नवे नाव लिहितो, ते मोठ्याने वाचले जाते, आणि मग तेच तांदूळ पुन्हा एकत्र केले जातात.

स्त्रीचे नाव उच्चारायला सोपे, मंगल आणि दीर्घ स्वरान्त असावे, असे मनुस्मृती सांगते. नदीचे नाव असलेली मुलगी वरू नये, असेही तीच सांगते. मराठी घरांनी पहिला नियम बहुतांशी पाळला, दुसरा मात्र मनावर घेतला नाही. डॉ. आनंदीबाई जोशी आणि रमाबाई रानडे या दोघींचे माहेरचे नाव यमुना होते, तर आनंदीबाई कर्वे माहेरी गोदूबाई होत्या. नदीचे नाव टाळण्यासाठीच ही नावे बदलली, असा तर्क करण्याचा मोह होतो. पण मनकर्णिका गोखले नारायण वामन टिळकांच्या घरी लक्ष्मीबाई झाल्या, तिथे नवऱ्याच्या नावाशी जोडी जुळवणे हेच कारण अधिक पटते.

खरा गुंता ‘पूर्वाश्रमीच्या’ या शब्दाचा आहे. स्त्रीचे लग्नापूर्वीचे नाव सांगताना चरित्रकोशांपासून वर्तमानपत्रांपर्यंत तो सर्रास वापरला जातो. मुळात तो संन्याशासाठीचा शब्द: घरदार सोडून चौथा आश्रम स्वीकारणारा माणूस जुने नावही सोडतो. संन्यासी ते स्वतःहून सोडतो. नऊ-अकरा वर्षांच्या त्या दोन यमुनांना कोणी विचारले नव्हते. त्यामुळे त्यांच्या बाबतीत हा शब्द चुकीचाच आहे, आणि ‘माहेरचे नाव’ हा साधा शब्द हाताशी असताना तो वापरण्याचे कारण नाही. त्यातही आज ‘माहेरचे नाव’ म्हटले की बहुतेकांना आडनावच सुचते, एवढी ही पहिल्या नावाची अदलाबदल विस्मरणात गेली आहे.

साहित्यात मात्र स्त्रीचे नाव फार पूर्वीपासून तिच्या स्वतःच्या हातात होते. संत जनाबाईंची ‘म्हणे जनी’, संत बहिणाबाईंची ‘बहेणि म्हणे’ या नाममुद्रा अभंगाच्या शेवटच्या चरणातच गुंफलेल्या असत, त्यामुळे त्या पुसणे सोपे नव्हते. पुढे 1933 साली ‘कळ्यांचे निःश्वास’ हा कथासंग्रह विभावरी शिरूरकर या टोपणनावाने प्रसिद्ध झाला, तेव्हा या विभावरी कोण यावरून मोठे वादळ उठले. लेखिका होत्या बाळूताई खरे. विवाहानंतर त्या मालती बेडेकर झाल्या, तरी 1950 साली आलेल्या ‘बळी’ या कादंबरीवर नाव होते ते विभावरी शिरूरकर हेच.