यूएसबी तुटतंय? ट्रेसची लांबी मोजण्याआधी हे बघा

स्वतः काढलेल्या सर्किट बोर्डवर यूएसबी मधूनच तुटायला लागलं की ठरलेला सल्ला येतो: डी प्लस आणि डी मायनस या डेटाच्या दोन ट्रेसची, म्हणजे बोर्डवरच्या तांब्याच्या रेघांची, लांबी जुळत नाही, बोर्ड नव्याने काढा. बहुतेक मायक्रोकंट्रोलर बोर्डांच्या बाबतीत हा नुसता खर्चात पाडणारा सल्ला आहे.

हे बोर्ड फुल स्पीडवर, म्हणजे सेकंदाला 12 मेगाबिटवर चालतात. एक बिट सुमारे 83 नॅनोसेकंद टिकतो. साध्या एफआर-4 (काचतंतूच्या) बोर्डवर सिग्नल नॅनोसेकंदात साधारण 15 सेंटिमीटर जातो. मग 5 मिलिमीटरच्या फरकाने बिघडून बिघडून किती बिघडणार? 480 मेगाबिटच्या हाय स्पीडची गोष्ट वेगळी, तिथे जोडी नीट काढावीच लागते.

खरा चोर बहुधा दुसरीकडेच सापडतो. टाइप-सी सॉकेट असेल तर सीसी1 आणि सीसी2 या, जोडलेलं उपकरण ओळखायच्या, दोन्ही पिनांना ग्राउंडकडे 5.1 किलोओहमचा स्वतंत्र रेझिस्टर हवा. तो राहिला की ए-टू-सी केबलवर बोर्ड मस्त चालतो, सी-टू-सीवर मात्र ढिम्म. 5 व्होल्ट येतच नाहीत. दोघांत एकच रेझिस्टर लावायची कंजुषीही नडते. 2019च्या रास्पबेरी पाय 4च्या पहिल्या बोर्डांत हेच झालं होतं, ई-मार्क केबलवर (आत ओळख सांगणारी चिप असलेल्या) ते सुरूच होईनात.

दुसरा संशयित क्लॉक, म्हणजे चिपला ठोके देणारा ताल. फुल स्पीडला 0.25 टक्क्यापलीकडची चूक चालत नाही. चिप यूएसबीवरून क्लॉक जुळवून घेणारी नसेल, तर तो ताल देणाऱ्या चिपच्या आतल्या ऑसिलेटरवर विसंबू नका, सरळ बाहेरून क्रिस्टल (जास्त अचूक ठोके देणारा सुटा भाग) लावा.

आणि हो, केबल फक्त चार्जिंगची नाही ना, तेही बघा.