फाइल वाचणं वेगळं, चालवून पाहणं वेगळं

‘भाऊ, पत्रिका उघडली, पण काहीच झालं नाही. मग काही धोका नाही ना?’ पिंपळगाव बसवंतचे एक द्राक्ष बागायतदार कॉलेज रोडवरच्या माझ्या दुकानात फोन पुढे धरून विचारत होते. लग्नसराईचे दिवस, व्हॉट्सअॅपवर ‘लग्नपत्रिका’ नावाची एपीके फाइल (अँड्रॉइड फोनवर अॅप टाकायची फाइल) आली आणि त्यांनी ती इन्स्टॉल केली. मी आधी फोन एअरप्लेन मोडवर टाकला, माझ्या फोनवरून त्यांना बँकेत कळवायला लावलं आणि मग फाइल हातात घेतली.

‘काहीच झालं नाही’ हे माझ्याकडे शिकायला येणारी मुलंही म्हणतात. सँडबॉक्समध्ये, म्हणजे बाकी सगळ्यापासून तोडलेल्या बंदिस्त जागी, चालवली, शांत बसली, म्हणजे फाइल चांगली. स्टॅटिक आणि डायनॅमिक अॅनालिसिस यांची गल्लत होते ती इथे.

स्टॅटिकमध्ये फाइल चालवायची नाही, उघडून वाचायची. एपीके ही मुळात झिपच. सोडवली की आत मॅनिफेस्ट असतं, त्यात अॅपने मागितलेल्या परवानग्यांची यादी. या पत्रिकेला आलेले एसएमएस वाचायचे होते आणि इंटरनेटही हवं होतं. मुहूर्त दाखवायला एसएमएस कशाला लागतात? ओटीपी मात्र एसएमएसनेच येतो. पण ते संदेश कुठे जाणार, हे कोडमधून कळेना. पत्ता एन्क्रिप्ट करून ठेवलेला, अॅप चालू झाल्यावरच उलगडणारा.

म्हणून डायनॅमिक. म्हणजे फाइल कोंडलेल्या जागी चालवायची आणि ती काय करते ते टिपायचं. एम्युलेटरवर, म्हणजे संगणकात चालणाऱ्या नकली फोनवर, गणपतीचं चित्र आलं, खाली ‘पत्रिका लोड होत आहे’. दहा मिनिटं झाली तरी तेच. बागायतदारांना दिसलं तेवढंच मला दिसलं. पण मॅनिफेस्ट वाचलेलं होतं, त्यामुळे ती कशाची वाट बघतेय हे माहीत होतं. एम्युलेटरला खोटा एसएमएस पाठवता येतो. मी ओटीपीसारखा एक पाठवला आणि लगेच नेटवर्कच्या नोंदीत एका अनोळखी डोमेनची, म्हणजे इंटरनेटवरच्या पत्त्याची, विचारणा उमटली. वाचलं नसतं तर एसएमएस पाठवायचं सुचलं नसतं, आणि चालवली नसती तर डोमेन हाती लागलं नसतं.

वॉनाक्राय हे फायली कुलूपबंद करून खंडणी मागणारं रॅन्समवेअर मी मुलांना याच कारणासाठी शिकवतो. १२ मे २०१७ रोजी ते पसरलं, दीडशेच्या आसपास देशांत पोहोचलं, ब्रिटनमधली रुग्णालयं अडकली. मार्कस हचिन्स या तरुण ब्रिटिश संशोधकाने नमुना चालवला तेव्हा तो कुणीच नोंदवलेलं नसलेलं एक लांबलचक डोमेन विचारत असल्याचं दिसलं. त्याने ते लगेच नोंदवून टाकलं. त्या डोमेनकडून उत्तर आलं की प्रोग्रॅम पुढचं काही न करता बंद पडतो, हे त्या वेळी त्याला माहीत नव्हतं. ते नंतर उमगलं. कोड वाचणाऱ्याला मात्र ती अट लिहिलेलीच दिसते: उत्तर आलं तर थांब, नाही आलं तर पुढे जा.

आता याची दुसरी बाजू बघा, मला ती फार महत्त्वाची वाटते. बरेच सँडबॉक्स प्रोग्रॅमने विचारलेल्या कुठल्याही डोमेनला खोटं उत्तर देतात, नेट चालू आहे असं त्याला वाटावं म्हणून. अशा सँडबॉक्समध्ये वॉनाक्रायला उत्तर मिळणार आणि ते गुपचूप बंद होणार. अहवालात काय येईल? काहीच झालं नाही. काही प्रोग्रॅम आपण व्हर्च्युअल मशीनमध्ये (संगणकातल्या नकली संगणकात) आहोत का हे आधी तपासतात, काही नुसते तासन् तास झोपून राहतात. चालवून पाहताना आपल्याला दिसते ती एकच वाट, त्या दिवशी त्या मशीनवर घेतलेली.

वाचण्यालाही मर्यादा आहेतच. फाइल पॅक केलेली, म्हणजे कोड दाबून लपवलेला, असेल तर वाचता येण्याजोगं फारसं उरत नाही, आणि कोडमध्ये असलेला प्रत्येक तुकडा चालतोच असंही नाही. शिवाय वेळ लागतो. चालवून पाहणं मिनिटांत होतं, वाचायला कधी आठवडे जातात. घाईत असताना मीही आधी चालवूनच बघतो, पण नुसत्या तेवढ्यावर ‘स्वच्छ’ असा शेरा कधी देत नाही.

बागायतदारांना मी नेटवर्कची ती नोंद दाखवली. उघडल्यावर काही झालं नाही, कारण तोवर ओटीपी आलाच नव्हता. ते थोडा वेळ गप्प राहिले. फोन रीसेटला लावला तेव्हा त्यांनी माझा फोन मागितला आणि जिच्या नंबरावरून पत्रिका आली होती त्या भाचीला लावला. तिने कुठलीच पत्रिका पाठवलेली नव्हती.