मानेमागचा काळा पट्टा

एनटी स्कॅन, म्हणजे गर्भातल्या बाळाच्या मानेमागचा द्रव मोजणारी सोनोग्राफी, बराच वेळ चालली की बाळाचं काही बिघडलंय का, अशी धास्ती आईला वाटते. बहुतेक वेळा कारण साधं असतं: बाळ हवं तसं पडलेलं नसतं. त्याच्या मानेमागे, त्वचेखाली साचलेला द्रव सोनोग्राफीत काळ्या पट्ट्यासारखा दिसतो. त्या पट्ट्याची जाडी म्हणजे एनटी, ती मिलिमीटरच्या दहाव्या हिश्शापर्यंत मोजायची असते. बाळाने मान मागे टाकली तर माप ०.६ मिमीपर्यंत जास्त भरतं, हनुवटी छातीला टेकवली तर ०.४ मिमीपर्यंत कमी. म्हणून डॉक्टर थांबतात, पुन्हा पुन्हा मोजतात.

हे माप अकरावा आठवडा पूर्ण झाल्यापासून चौदावा पूर्ण होईपर्यंतच घेतात. पुढे द्रव बहुधा ओसरतो, पण तो ओसरला म्हणजे काळजी मिटली असं नाही. लंडनच्या किंग्ज कॉलेज रुग्णालयातील निकोलाइडीस व सहकाऱ्यांनी १९९२ साली जाड पट्टा आणि गुणसूत्रांतील दोष यांचा संबंध दाखवला. द्रव का साचतो? कधी हृदयाची रचना सदोष असते, कधी लसिकावाहिन्या (ऊतींतला जादा द्रव वाहून नेणाऱ्या नलिका) उशिरा तयार होतात. डाऊन सिंड्रोममध्ये एकविसावं गुणसूत्र तीनदा असतं, आणि त्वचेतल्या एका प्रकारच्या कोलॅजनची (आधार देणाऱ्या प्रथिनाची) जनुकं नेमकी त्याच गुणसूत्रावर आहेत!

'एनटी वाढलीय' एवढंच ऐकून घरी जाऊ नये, आकडा विचारावा. १०० पैकी ९९ गर्भांत तो ३.५ मिमीच्या आत असतो. ३.५ ते ४.४ असेल तर साधारण पाचात एका गर्भात गुणसूत्रांचा दोष सापडतो. तरीही १०० पैकी सुमारे ७० बाळं मोठ्या दोषाविना जन्मतात. ६.५ किंवा त्याहून जास्त असेल तर अशी बाळं जेमतेम १५. एकाच शब्दाखाली इतकं अंतर दडलेलं असतं.

आईच्या रक्तावरून होणारी एनआयपीटी ही चाचणी मोजक्याच गुणसूत्रांचा अंदाज देते. पट्टा बराच जाड असताना तेवढ्यावर थांबणं मला धोक्याचं वाटतं. वारेचा नमुना किंवा पंधराव्या आठवड्यानंतर गर्भजल तपासून खात्री होते. मग बाळाच्या हृदयाचा इको आणि विसाव्या आठवड्याच्या आसपास सविस्तर सोनोग्राफी. नूनन सिंड्रोमसारखे काही जनुकीय आजार गुणसूत्रांच्या साध्या तपासणीत दिसत नाहीत, तेही लक्षात ठेवावं लागतं. हे सगळं स्वच्छ आलं तर या बाळाचा धोका इतर बाळांपेक्षा फारसा वेगळा राहत नाही. पण तिथवर पोचायला आठ-नऊ आठवडे लागतात, म्हणून आकडा सांगतानाच पुढच्या तपासणीची तारीखही आईच्या हाती द्यायला हवी.