न केलेली बोली आणि पहिली उतारी

मे महिन्यात भुसावळचा पारा ४५ च्या घरात गेला, की बाहेरची कामं थांबतात आणि निंबाखाली पत्त्यांतला मेंढीकोट रंगतो. तिथे पहिली उतारी, म्हणजे डावातलं पहिलं पान, कुणी फार मनावर घेत नाही. ब्रिजमध्ये मात्र सगळ्यांत अवघड पान तेच. डमीची, म्हणजे बोली जिंकून डाव खेळणाऱ्याच्या भिडूची, पानं उघडतात ती उतारीनंतर. तोवर दिसतात फक्त आपली १३. उरलेली ३९ तीन जणांत किती प्रकारे वाटली गेली असतील? सुमारे ८४ वर १५ शून्यं, इतक्या!

एवढं सगळं तपासणं संगणकाच्याही आवाक्याबाहेरचं. १९४६ मध्ये आजारातून सावरताना स्तानिस्लाव उलाम हा गणिती एकट्यानेच पत्ते मांडत बसला होता. डाव सुटण्याची शक्यता सूत्रांनी काढण्यापेक्षा शंभरेक डाव मांडून मोजावं, असं त्याच्या मनात आलं. माँटे कार्लो पद्धतीचा उगम तिथला. उतारीसाठीही तेच करतात. आपली १३ पानं कायम ठेवायची, बाकीची संगणकाने पिसायची, बोलीशी न जुळणारे डाव फेकायचे आणि उरलेल्यांत कोणत्या उतारीने कॉन्ट्रॅक्ट, म्हणजे बोलीत कबूल केलेले हात, जास्त वेळा डाऊन जातं (पुरं होत नाही) ते मोजायचं.

खरी गंमत बोलीच्या चाळणीत आहे. कोण काय टाकत नाही यावरून पानं ताडायची सवय मेंढीकोटवाल्यांना असतेच. समजा, प्रतिपक्षाची बोली झाली ‘एक नोट्रम्प, तीन नोट्रम्प’ (नोट्रम्प म्हणजे हुकूम नसलेला डाव). मधे बदाम-इस्पिकची चौकशीच नाही. म्हणजे डमीकडे त्या रंगांची चार-चार पानं बहुधा नाहीत, आणि आपल्या भिडूकडे ती असण्याची शक्यता वाढली. लांब रंगातलं वरून चौथं पान उतरा, हा जुना नियम. पण तो लांब रंग म्हणजे राजासकट किल्वरची चार पानं असतील, तर मोजणीत इस्पिकच्या दोन पानांतलं एक पुढे निघू शकतं. राजाखालून उतरलो आणि एक्का-राणी खेळणाऱ्याकडे निघाली, तर राणीचा हात आपणच आंदण दिला. राजा-राणी-गुलाम सलग असतील तर प्रश्नच नाही, राजा उतरावा.

या मोजणीत एक खोट आहे. संगणक प्रत्येक डाव चारही हात उघडे धरून सोडवतो, त्यामुळे त्याचा खेळाडू राणी कुणाकडे आहे ते कधीच चुकत नाही. राणीखालची उतारी, म्हणजे आपल्याकडे राणी असलेल्या रंगातलं लहान पान, म्हणूनच त्याला निरुपद्रवी वाटते. टेबलावरच्या माणसाला राणी शोधावी लागते आणि तो निम्म्या वेळा चुकूही शकतो. ती उतारी करून आपण त्याचा शोधच वाचवतो. राणीखालच्या उतारीला संगणकाने दिलेले गुण म्हणून मी थोडे कापूनच धरतो.