क्रेडिट कार्डं जास्त असली तर घरकर्ज अडतं का? अर्ज करण्याआधी हे बघा

मी तालुक्याच्या गावी कर्जाच्या फायली तयार करून देतो. दिवाळीआधी दारव्हा तालुक्यातले जिल्हा परिषद शाळेचे एक गुरुजी आले. पगारपत्रकं, फॉर्म १६, घराचे कागद, सगळं पिशवीत नीट लावलेलं. पाकिटात मात्र पाच क्रेडिट कार्डं. "दोनच वापरतो भाऊ, बाकीची पडूनच आहेत," म्हणाले. त्यांना ३० लाख हवे होते, बँक २३ लाखांच्या वर जायला तयार नव्हती. काहून, तेच त्यांना उमजत नव्हतं.

पाच कार्डं आहेत म्हणून बँक नाही म्हणत नाही. ती बघते त्यांच्यावरची बाकी. गुरुजींचा हाती येणारा पगार ५२,०००. सगळे हप्ते मिळून त्याच्या निम्म्यापर्यंत जाऊ द्यायचे असं त्या बँकेने धरलं, म्हणजे २६,०००. साडेआठ टक्के व्याज आणि वीस वर्षांची मुदत असेल तर लाखामागे महिन्याला साधारण ८६८ रुपये हप्ता बसतो. या हिशोबाने कर्ज ३० लाखांच्या आसपास जातं. पण दोन कार्डांवर मिळून १,२०,००० बाकी होती. बँका सहसा अशा बाकीचे ५ टक्के दरमहाचं देणं म्हणून धरतात. ६,००० तिथेच गेले, उरलेल्या २०,००० च्या हप्त्यात २३ लाखच बसतात. शिक्षक पतसंस्थेची कपात असती तर आकडा आणखी खाली आला असता.

दुसरी अडचण पडून असलेल्या कार्डाची निघाली. नागपुरात एका दुकानातल्या स्टॉलवर घेतलेलं, कधी न वापरलेलं. त्याचं वार्षिक शुल्क थकलं, त्यावर दंड चढला आणि क्रेडिट अहवालात, म्हणजे कर्ज-कार्डांच्या परतफेडीच्या नोंदीत, 'थकीत' असा शेरा आला. काही शे रुपयांसाठी चांगल्या माणसाचा स्कोअर, म्हणजे परतफेडीवरून मिळणारे गुण, खाली येतो, याचं मला खरंच वाईट वाटतं.

म्हणून अर्जाच्या तीन-चार महिने आधी स्वतःचा क्रेडिट अहवाल काढा. सिबिल, एक्स्पेरियन, इक्विफॅक्स आणि क्रिफ हाय मार्क या चारही कंपन्यांकडून वर्षाला एक पूर्ण अहवाल फुकट मिळतो. स्वतः बघितल्याने स्कोअर घटत नाही. पाच ठिकाणी कर्जाचे अर्ज टाकले तर मात्र घटतो, कारण प्रत्येक चौकशीची नोंद होते. अहवालात चूक दिसली तर तक्रार करा. ती ३० दिवसांत सुटली नाही तर दिवसाला १०० रुपये भरपाईचा नियम आहे. कोणाला जामीन राहिला असाल तर ते कर्जही तिथे दिसतं. सहअर्जदार म्हणून बायकोचं नाव घालणार असाल तर तिचाही अहवाल काढा.

नको असलेलं कार्ड कापून फेकल्याने बंद होत नाही. आधी बाकी शून्य करा, मग बंद करण्याचा अर्ज द्या. कंपनीने ७ कामाच्या दिवसांत ते बंद केलं पाहिजे, नाहीतर पुढच्या प्रत्येक दिवसाला ५०० रुपये तिने तुम्हाला द्यायचे, असा रिझर्व्ह बँकेचा नियम आहे. बाकी नसल्याचं पत्र मागून घ्या. सर्वात जुनं, वेळेवर भरलेलं कार्ड मात्र ठेवा. तुमच्या परतफेडीचा सगळ्यात लांब इतिहास त्याच्यातच आहे. ठेवलेल्या कार्डावर मर्यादेच्या ३० टक्क्यांच्या आत वापर असू द्या आणि बिल तयार होण्याआधीच पैसे भरा. २०२५ पासून बँका या कंपन्यांना किमान दर पंधरवड्याला माहिती पाठवतात, त्यामुळे सुधारणा लवकर दिसते.

किसान क्रेडिट कार्ड नावाला कार्ड, खरं तर ते पीक कर्जाचं खातं. अहवालात तेही येतं. डॉ. पंजाबराव देशमुख व्याज सवलत योजनेत ३ लाखांपर्यंतचं पीक कर्ज मुदतीत भरलं तर व्याज लागत नाही. मुदत उलटल्यावर नवं-जुनं केलं, म्हणजे जुनं फेडून लगेच नवं उचललं, तर सवलतही जाते आणि थकीत दिवसही नोंदले जातात.

फाईलला आधार, पॅन, तीन महिन्यांची पगारपत्रकं, दोन वर्षांचे फॉर्म १६ आणि सहा महिन्यांचा खातेउतारा लागतो. दुकानदार असाल तर दोन-तीन वर्षांची आयकर विवरणपत्रं. शेती असेल तर सातबारा, आठ-अ आणि कापूस-सोयाबीन विकल्याच्या पट्ट्या सांभाळून ठेवा. घर गावठाणात असेल तर आखीव पत्रिका (प्रॉपर्टी कार्ड) किंवा स्वामित्व योजनेतली सनद हवी. नुसता ग्रामपंचायतीचा नमुना ८ पुरत नाही, कारण तो कर आकारणीचा कागद आहे, मालकीचा नव्हे. गावठाणाबाहेर जमीन अकृषिक (एनए) असल्याचा कागद, मंजूर नकाशा, खरेदीखत आणि फेरफार लागतात. बांधकाम परवानगी आणि इंजिनिअरचं अंदाजपत्रक दोन्हीकडे.

पुढे बँकेचा माणूस घर बघून जातो, वकील मालकीच्या जुन्या नोंदी तपासून सर्च रिपोर्ट काढतो, इंजिनिअर मूल्यांकन करतो. ३० लाखांपर्यंतच्या कर्जात किमतीच्या जास्तीत जास्त ९० टक्के मिळतात, बाकी पदरचे. मूळ कागद बँकेत ठेवून गहाण केलं की ३० दिवसांच्या आत दुय्यम निबंधकाकडे त्याची नोटीस दाखल करायची असते.

बांधकामासाठीचे पैसे टप्प्याटप्प्याने येतात. जोतं झालं की एक, स्लॅब पडला की दुसरा. पुढचा टप्पा सोडण्याआधी बँक क्रेडिट अहवाल पुन्हा काढू शकते, तेव्हा मधल्या काळात नवं कार्ड घेऊ नका आणि लोखंड-सिमेंटचं बिलही कार्डावर टाकू नका.