बंदुकांचे गंजरक्षण (कोकण किनारपट्टी)

परवान्याची बंदूक घरी ठेवताना तिच्या पोलादी भागांवर गंज चढू नये आणि लाकडी दस्ता फुगू किंवा तडकू नये, यासाठी घ्यायची निगा म्हणजे बंदुकीचे गंजरक्षण. साफसफाई आणि तेलपाणी हा त्याचा एक भाग झाला. दुसरा भाग आहे बंदूक ज्या हवेत वर्षभर उभी असते त्या हवेची आर्द्रता ताब्यात ठेवणे. या दुसऱ्या भागाकडे सहसा दुर्लक्ष होते. रत्नागिरी, सिंधुदुर्ग आणि गोव्यात रानडुकरे, माकडे व गवे यांच्यापासून भातशेती आणि बागा राखण्यासाठी शेतीसंरक्षणाच्या परवान्यावर बंदुका बाळगल्या जातात. त्यांत एकनळी, दुनळी आणि जुन्या ठासणीच्या (नळीच्या तोंडातून दारू ठासून भरायच्या) अशा सगळ्या असतात. वर्षातले चार महिने पाऊस आणि बाराही महिने खारे वारे, अशा हवेत लोखंड राखणे देशावरच्यापेक्षा कितीतरी अवघड जाते.

लोखंड, प्राणवायू आणि पाणी एकत्र आले की गंज धरतो. त्यासाठी बंदूक भिजावी लागत नाही. हवेची सापेक्ष आर्द्रता (त्या तापमानाला हवेत मावू शकणाऱ्या वाफेपैकी किती टक्के वाफ आहे ते) साधारण ६० टक्क्यांच्या वर गेली की पोलादाच्या पृष्ठभागावर डोळ्याला न दिसणारा पाण्याचा पापुद्रा टिकून राहतो आणि गंजण्याचा वेग झपाट्याने वाढतो. कोकणात जुलै-ऑगस्टमध्ये आर्द्रता ८५ टक्क्यांच्या आसपास असते. मिठामुळे हे आणखी बिघडते. समुद्री मिठात मॅग्नेशियम क्लोराइड असते आणि ते सुमारे ३३ टक्के आर्द्रतेलाही हवेतले पाणी ओढून घेते. पावसाळ्यात बरणीतले खडेमीठ पाझरते ते यामुळेच. नळीवर बसलेला खाऱ्या वाऱ्याचा अदृश्य थरही तसाच पाझरत असतो, म्हणून किनाऱ्याजवळच्या घरात उन्हाळ्यातही गंज धरतो. घामातही क्षार असतात. उघड्या हाताने नळी धरून ती तशीच ठेवली, तर दमट दिवसांत दुसऱ्या-तिसऱ्या दिवशी बोटांचे ठसे तांबूस होऊन उमटतात, अगदी रेषान् रेष मोजता यावी इतके स्पष्ट. बंदूक कपाटात ठेवण्यापूर्वीचे शेवटचे काम म्हणून तेलाच्या फडक्याने पुसायची आणि पुसल्यावर तिला हात लावायचा नाही, ही सवय सर्वांत स्वस्त आणि सर्वांत गुणकारी आहे.

नळीचा निळसर काळा रंग म्हणजे ब्लूइंग. हा रंगाचा लेप नसून लोखंडाच्याच काळ्या ऑक्साइडचा अतिशय पातळ थर असतो. तो तेल धरून ठेवतो, पण एकटा गंज अडवू शकत नाही. स्टेनलेस पोलाद उशिरा गंजते, तरी खाऱ्या हवेत त्यावरही ठिपके येतात.

गंजाचे दुसरे मोठे कारण दव. ३० अंश सेल्सिअस तापमानाच्या आणि ८० टक्के आर्द्रतेच्या हवेचा दवबिंदू सुमारे २६ अंश असतो. त्याहून थंड असलेल्या प्रत्येक वस्तूवर त्या हवेतले पाणी उतरते. वातानुकूलित खोलीत २४ अंशांवर ठेवलेली बंदूक पडवीत आणली की नळी बाहेरून घामाघूम होते. तेवढेच पाणी नळीच्या आत आणि चापाच्या यंत्रणेतही उतरते, फक्त ते दिसत नाही. अशी बंदूक लगेच पुसून कपाटात ठेवू नये. ती बाहेरच्या हवेच्या तापमानाला आली की मगच आतून-बाहेरून कोरडी करावी.

कोकणातल्या बंदुका पावसात भिजून जेवढ्या खराब होतात त्याहून अधिक त्या गवसणीत राहून खराब होतात. चामड्याची, कॅनव्हासची किंवा आतून फोम लावलेली गवसणी नेआण करण्यापुरती असते. ती हवेतली ओल शोषते आणि महिनोन्‌महिने नळीला लावून धरते. चामडे कमावताना वापरलेली द्रव्येही पोलादाला मानवत नाहीत. प्लास्टिकच्या पिशवीत गुंडाळणे त्याहून वाईट, कारण आत अडकलेली दमट हवा रात्री गार होते आणि बंदुकीवरच उतरते. गोणपाट, जुनी वर्तमानपत्रे, धोतराच्या चिंध्या यांनाही हेच लागू आहे. दसऱ्याला गवसणी सोडल्यावर जिथे जिथे शिवण टेकली होती तिथे नळीवर तांबेऱ्याची रेघ दिसते. ही रेघ ज्याने एकदा पाहिली तो पुन्हा पावसाळ्यात बंदूक गवसणीत घालत नाही.

कायद्याने आणि शहाणपणाने बंदुकीची जागा कुलपातच आहे. ती रिकामी असावी, काडतुसे वेगळ्या कुलपात असावीत आणि किल्ल्या मुलांच्या हाती लागू नयेत. घरोघरी हे कुलूप लोखंडी कपाटाचे असते. ते बाहेरच्या, पावसाचा झोत खाणाऱ्या भिंतीला चिकटवून ठेवू नये, कारण भिंत ओल धरते आणि कपाटाची पाठ गार पडते. चार बोटे अंतर सोडून, घराच्या आतल्या भिंतीशी, पायाखाली ठोकळे देऊन ते उभे करावे. त्याच कपाटात साड्या, गोधड्या आणि कागदपत्रे भरलेली असतात. कापूस, कागद आणि लाकूड यांच्या पोटात हवेपेक्षा कितीतरी जास्त पाणी असते. त्यामुळे बंदुकीचा कप्पा स्वतंत्र असलेला बरा.

कपाटातली हवा कोरडी करण्याचे दोन मार्ग आहेत. पहिला मार्ग पाणी शोषून घेण्याचा. २८ अंश आणि ८५ टक्के आर्द्रता असताना एक घनमीटर हवेत साधारण २३ ग्रॅम वाफ असते. ती ५० टक्क्यांवर आणायला साडेनऊ ग्रॅमच्या आसपास पाणी काढावे लागते, आणि तेवढे काम ४०-५० ग्रॅम सिलिका जेल करते. हिशोब सोपा वाटतो, पण दार उघडले की तो पहिल्यापासून सुरू होतो आणि फटीतून तर हवा रात्रंदिवस येतच असते. म्हणून दाराच्या कडेला रबरी पट्टी लावून मग अर्धा-एक किलो जेल ठेवणे शहाणपणाचे. त्यात रंग बदलणारे दाणे असावेत. निळ्याचे गुलाबी होणारे दाणे कोबाल्ट क्लोराइडचे असतात आणि ते विषारी असल्याने नारिंगीचे हिरवे होणारे घ्यावेत. रंग पालटला की जेल शंभर-एकशेवीस अंशांवर काही तास तापवून पुन्हा वापरता येते. बाजारात मिळणारे, तळाशी पाणी साठवणारे ओल-शोषक डबे कॅल्शियम क्लोराइडचे असतात. ते कपड्यांना ठीक आहेत, बंदुकीच्या कपाटात नकोत. सांडलेला एक थेंबही खारे पाणीच असते.

दुसरा मार्ग कपाट किंचित उबदार ठेवण्याचा. हवेतले पाणी तेवढेच राहिले तरी तापमान वाढले की सापेक्ष आर्द्रता उतरते. २८ अंशांची ८५ टक्क्यांची हवा चार अंशांनी तापवली की ती सुमारे ६७ टक्क्यांवर येते, पाच-सहा अंशांनी तापवली की ६० च्या घरात. कपाटाच्या तळाशी बसवायच्या दहा-वीस वॅटच्या बंद तापदांड्या यासाठी मिळतात. उघडा बल्ब टांगणे धोक्याचे, कारण कापडाला आग लागू शकते. शिवाय वीज गेली की हा उपाय थांबतो, आणि कोकणात ती ऐन पावसातच जाते. त्यामुळे दांडी असली तरी जेलही असावे.

आर्द्रता अंदाजाने कळत नाही. कपाटात छोटा आर्द्रतामापक ठेवावा आणि तो खरे बोलतो का, हे मिठाने पडताळावे. वाटीत चमचाभर मीठ जेमतेम ओले करून ती वाटी आणि मापक हवाबंद डब्यात रात्रभर ठेवले, की काटा ७५ टक्के दाखवायला हवा. जितका फरक दिसेल तितका पुढच्या आकड्यांत धरावा. साठवणीला ४५ ते ५० टक्के उत्तम. ४० च्या फार खाली नेल्यास दस्त्याचे लाकूड आक्रसते आणि तडे जाण्याची भीती असते.

तेलाच्या बाबतीत घरोघरी चुका होतात. खोबरेल हाताशी असते म्हणून लावले जाते. ते २४ अंशांच्या आसपास थिजते, कालांतराने खवट आणि चिकट होते आणि घोडा-चापाच्या सांध्यांत घट्ट बसते. शिलाई मशीनचे खनिज तेल त्याहून बरे, पण ते पातळ असल्याने वरचेवर लावावे लागते. डब्ल्यूडी-४० पाणी हटवायला चांगले, मात्र त्याचा थर चार महिने पुरत नाही. लांबच्या साठवणीला बंदुकीसाठीचे गंजरोधक तेल किंवा बाहेरच्या भागांवर सूक्ष्मस्फटिकी मेणाचा हलका हात द्यावा. संग्रहालयांतही असेच मेण वापरतात. कुठल्याही तेलाचा थर पातळच ठेवावा, कारण जास्त झालेले तेल ओघळून दस्त्यात मुरते आणि लाकूड मऊ पाडते. बंदूक तोंड खाली करून उभी ठेवली तर हे टळते. काडतुसांना तेलाचा हात लागू देऊ नये, केपमध्ये (काडतुसाच्या बुडाशी असलेल्या, दारू पेटवणाऱ्या टोपीत) शिरलेले तेल बार फुसका करते. पूर्वीची कागदी नळीची काडतुसे तर नुसत्या ओलीने फुगून नळीत शिरेनाशी होत. बार काढण्याआधी नळीतले तेल कोरड्या फडक्याने पूर्ण पुसून घ्यावे.

ठासणीच्या बंदुकीला वेगळी वागणूक लागते. काळ्या दारूची काजळी पोटॅशच्या क्षारांची असते आणि तीही मिठासारखीच ओल ओढते. हे क्षार तेलात विरघळत नाहीत, पाण्यात विरघळतात. म्हणून बार काढल्याच्या संध्याकाळीच नळी गरम पाण्याने धुवायची, गजाला फडके गुंडाळून कोरडी करायची आणि ती उबदार असतानाच तेल द्यायचे. क्लोरेटच्या जुन्या केप आणि जुनी लष्करी काडतुसे वापरली तरी हाच क्रम. लोखंडाला पाणी लावायचे म्हटले की लोक कचरतात, पण इथे न धुणेच नळीला खाते.

वर्षाचा क्रम नक्षत्रांवर सहज बसतो. मृगाआधी पूर्ण सफाई, जाड तेलाचा हात आणि ताजे तापवलेले जेल. पावसाळ्यात पंधरा दिवसांनी एकदा दार उघडून आरसा लावून नळी पाहायची. पाऊस ओसरताना खंडेनवमीला शस्त्रपूजा येते. कोकणात ही पूजा वर्षाच्या दुसऱ्या सफाईचाही दिवस आहे. नळीवर लावलेले ओले गंध, कुंकू आणि झेंडूच्या पाकळ्या मात्र रात्रभर तशाच राहू देऊ नयेत, त्याखाली तपकिरी ठिपके पडतात. निवडणुकीच्या काळात बंदुका पोलीस ठाण्यात जमा करण्याचे आदेश निघतात. तिथे त्या कित्येक आठवडे राहू शकतात, तेव्हा देण्याआधी जाड तेल आणि परत आणल्या दिवशीच सफाई, हे चुकवू नये.

गंज धरलाच तर नुसता वरवरचा तांबूस थर तेलात भिजवलेल्या अतिबारीक पोलादी लोकरीने किंवा पितळी घासणीने, जोर न लावता निघतो. सँडपेपर लावला की ब्लूइंग जाते आणि उघडे पडलेले पोलाद पुढच्याच पावसात दुप्पट गंजते. नखाला लागणारे खड्डे, विशेषतः नळीच्या आत आणि काडतूस बसते त्या जागी, घरी घासायचे नसतात. अशी बंदूक परवानाधारक कारागिराने तपासल्याशिवाय उडवू नये. नळीवर आणि चौकटीवर कोरलेल्या क्रमांकाजवळ फक्त तेल आणि मऊ फडके वापरावे. नूतनीकरणाच्या वेळी तो परवान्याशी ताडून पाहिला जातो आणि तो खोडणे शस्त्र अधिनियम, १९५९ प्रमाणे गुन्हा आहे.